टॅबलेटवरचे कार्यालय: रावेर तालुक्यातील एका शेतकरी कंपनीने ॲप्स कशी निवडली

रावेर तालुक्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने गेल्या हंगामात अकरा इंची अँड्रॉइड टॅबलेट विकत घेतला आणि त्यावर कोणती ऑफिस ॲप्स घालावीत हे ठरवून देण्याचे काम माझ्याकडे आले. कंपनीचे सभासद केळी उत्पादक आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी सभासदाच्या हातात पैसा पडतो तो वजनकाट्यावरच्या पावतीवरून, आणि ती पावती कार्यालयाच्या हिशोबात नीट चढली की नाही यावर कंपनीची पत ठरते. टॅबलेट घेण्यामागचा हेतू एवढाच होता की कापणीच्या दिवशी बागेत झालेली नोंद संध्याकाळी पुन्हा संगणकावर चढवावी लागू नये.

कार्यालयात व्यवस्थापक, संगणक चालक आणि फिल्डमन अशी तीन माणसे, एक जुना डेस्कटॉप आणि त्यावर टॅली व एक्सेल, असा एकूण संसार होता. संचालकांपैकी ज्येष्ठ असलेल्या अप्पांनी पहिल्याच बैठकीत विचारले, “भाऊ, शेतात नेऊन फोटोच काढायचे असतील तर माझा मोबाइल काय वाईट होता?” प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. व्यवस्थापकांची मागणी मात्र वेगळी होती. सगळे काम होईल असे एकच चांगले ॲप सांगा, म्हणजे ते घालून मोकळे होऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

असे एकच ॲप शोधत बसणे हीच अशा निवडीतली मोठी अडचण असते, असे माझे मत आहे. ॲपची यादी करण्याआधी मी संगणक चालकाला महिनाभरात हाताखालून गेलेल्या सगळ्या फाइली काढून ठेवायला सांगितल्या आणि प्रत्येक फाइलबद्दल तीन गोष्टी विचारल्या: ती कुठे तयार होते, ती उघडताना नेट असते का, आणि शेवटी ती कोणाच्या हातात पडते. निवडीचा निम्मा भाग या तीन उत्तरांतच उरकला.

फाइली चार जातींच्या निघाल्या. पहिली बागांची नोंदवही, म्हणजे गट क्रमांक, सभासद क्रमांक, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) की कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली), नवती (नवी लागवड) की पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली), लागवडीची तारीख, झाडांची संख्या. दुसरी कापणीचा तक्ता, ज्यात घडांची संख्या, वजन, वापसी माल (कमी प्रतीचा म्हणून वेगळा काढलेला) आणि त्या दिवसाचा भाव येतो. याच फाइलमध्ये पूर्वीच्या चालकाने ‘बिल तयार करा’ असे बटण बसवून ठेवले होते. तिसरी ठराव, इतिवृत्ते, बँकेला आणि तालुका कृषी कार्यालयाला द्यायची पत्रे, ही सगळी वर्डमध्ये. चौथी पीडीएफ आणि फोटो: सातबारा उतारे, पासबुकाची पाने, काट्याच्या पावत्या, करप्याचे किंवा विषाणूजन्य रोगाचे डाग दाखवणारी पानांची छायाचित्रे. यातील पहिल्या दोन फाइली बागेत उघडाव्या लागतात, जिथे नेट असेलच असे नाही. तिसरी कार्यालयातच तयार होते, पण ती बाहेर जाते. चौथी जमते बाहेर आणि लागते आत.

पडद्याच्या मापाचा प्रश्न

टॅबलेट घेताना विक्रेत्याने मोठा पडदा कामाला सोयीचा असे सांगितले होते आणि ते खरेच होते. परंतु मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल ॲप्सचा नियम असा आहे की १०.१ इंच किंवा त्याहून लहान पडद्याच्या उपकरणावर वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटमधील मूलभूत संपादन विनामूल्य मिळते आणि त्याहून मोठ्या पडद्यावर संपादनासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी लागते. अकरा इंची टॅबलेटवर एक्सेलची फाइल उघडली, वाचता आली, पण त्यात काही लिहिता येईना, तेव्हा चालकाची समजूत अशी झाली की फाइलच बिघडली आहे. फाइलला काहीही झालेले नव्हते.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते, जी खरेदीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. लहान पडद्यावरची ही मोफत सवलत वैयक्तिक, म्हणजे अव्यावसायिक वापरासाठी आहे. कंपनीने आठ किंवा दहा इंची टॅबलेट घेतला असता तरी व्यवसायाच्या कामासाठी तिला योग्य ती व्यावसायिक वर्गणी घ्यावीच लागली असती. त्यामुळे ‘लहान टॅबलेट घेतला असता तर पैसे वाचले असते’ ही बैठकीत झालेली चर्चा मुळातच निरर्थक होती. घरी शिकणाऱ्या मुलासाठी टॅबलेट घेणाऱ्याला मात्र हे माप जरूर पाहावे लागेल, कारण सध्या दुकानात समोर ठेवले जाणारे बरेच टॅबलेट साडेदहा-अकरा इंचांचे असतात.

आयपॅडचा विचार थोडक्यात झाला आणि थोडक्यातच सुटला. पेजेस आणि नंबर्स ही ॲपलची ॲप्स त्यावर विनामूल्य मिळतात आणि ती चांगली आहेत, पण कंपनीची प्रत्येक फाइल शेवटी विंडोजच्या संगणकावर जाते. रूपांतराची एक पायरी कायमची वाढवून घेण्यात अर्थ नव्हता. शिवाय ॲपल आयपॅडसाठी वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असे सांगते, आणि भुसावळ-रावेर पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. इतर कंपन्यांचे टॅबलेटही या उन्हात सुखाने राहत नाहीत. पडदा अंधूक होतो, चार्जिंग थांबते, कधी उपकरण स्वतःच बंद होते. याचा ॲपच्या निवडीशी थेट संबंध आहे. जे ॲप प्रत्येक नोंद आपोआप जतन करते तेच अशा ठिकाणी चालते, कारण टॅबलेट तापून बंद पडला तर हाताने ‘सेव्ह’ करायचे राहून गेलेली अर्ध्या ट्रकची नोंद कोणी भरून देत नाही.

तीन पर्यायांची परीक्षा

प्रत्यक्ष चाचणीसाठी गुगलची डॉक्स व शीट्स ही जोडी, मायक्रोसॉफ्ट ३६५, आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रणालीच्या पायावर उभे असलेले कोलॅबोरा ऑफिस असे तीन पर्याय ठेवले. तिघांनाही कंपनीच्याच फाइली दिल्या. जाहिरातीतल्या नमुना फाइली सगळीकडे सुंदर उघडतात. आपली जुनी, जोडलेल्या सेलांची, तीन माणसांनी तीन पद्धतींनी भरलेली फाइल कशी उघडते, हीच खरी परीक्षा.

वर्डच्या फाइली सर्वांत मूळ स्वरूपात दिसल्या त्या अपेक्षेप्रमाणे मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये. तक्त्यांच्या रेघा, पानांचे समास, लेटरहेडवरचे बोधचिन्ह, सगळे जागच्या जागी होते. कोलॅबोराचा मोठा गुण असा की ते खाते न उघडता, नेटशिवाय, टॅबलेटमधल्याच फाइलवर काम करते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. ज्यांना आपला मजकूर कोणाच्याही क्लाउडवर ठेवायचा नाही त्यांनी ते अवश्य पाहावे. परंतु बागेत आणि कार्यालयात एकाच तक्त्यावर दोघांनी काम करण्याची सोय कंपनीला हवी होती, आणि कोलॅबोरात ती मिळवायची तर वेगळा सर्व्हर उभा करावा लागला असता. तीन माणसांच्या कार्यालयाकडून ती अपेक्षा करणे योग्य नव्हते. गुगल शीट्समध्ये दिसण्याची सफाई थोडी कमी पडली, पण एकत्र काम, आपोआप जतन होणे आणि मागील आवृत्तीकडे जाण्याची सोय या तिन्ही गोष्टी तिथे आधीपासूनच होत्या, म्हणून टॅबलेटसाठी गुगलची जोडी निवडली.

‘बिल तयार करा’ हे बटण मात्र टॅबलेटवर कुठेच चालले नाही. ते एक्सेलच्या व्हीबीए मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामवर, आधारलेले आहे आणि व्हीबीए अँड्रॉइडवरच्या किंवा आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये चालत नाही. गुगल शीट्सची तर मॅक्रोची भाषाच वेगळी आहे. वर्गणी भरल्यावर तरी चालेल का, असे व्यवस्थापकांनी दोनदा विचारले. वर्गणीने त्यात काही फरक पडत नाही.

जुन्या फाँटचे ठराव

सर्वांत जास्त वेळ गेला तो मराठी मजकुरावर. इतिवृत्ताची फाइल टॅबलेटवर उघडली तेव्हा ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची रांग दिसली. फाइल श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रणालीतील जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. अशा फाइलमध्ये साठवलेली असतात ती इंग्रजी किंवा इतर चिन्हांची सांकेतिक मूल्ये. फाँट त्यांना मराठी अक्षरांचे रूप देतो. तो फाँट नसलेल्या उपकरणावर त्या मूल्यांचे मूळ रूप उघडे पडते. अँड्रॉइडच्या ऑफिस ॲप्समध्ये आपल्या मनाचा फाँट बसवणे सोपे नाही, आणि समजा बसवला तरी त्या मजकुरात मराठी शब्द शोधता येणार नाही, गावाच्या नावाने यादी लावता येणार नाही आणि बँकेच्या माणसाला पाठवली तर त्याच्याकडेही तीच गत होईल. यावर ॲप बदलणे हा उपाय नव्हताच; मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणणे एवढाच मार्ग होता.

रूपांतर कार्यालयातल्या डेस्कटॉपवर केले आणि त्यात काय बिघडते हे डोळ्यांनी तपासले. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. रूपांतर करणाऱ्या प्रणालीला ही अदलाबदल जोडाक्षरांसकट करावी लागते आणि तिथेच ती अडखळते. रफार भलत्याच अक्षरावर जाणे, ‘शेतकऱ्यांच्या’ मधला ‘ऱ्या’ तुटणे, असे दोष प्रत्येक पानावर दोन-चार सापडले. मजकुरातला असा दोष वाचणाऱ्याच्या लक्षात येतो आणि दुरुस्त होतो. सभासदाच्या नावातला दोष मात्र तसाच पुढे जातो आणि बँकेच्या पासबुकाशी नाव जुळत नाही, म्हणून नावांची यादी रूपांतरावर न सोडता पासबुकांवरून पुन्हा टाइप करून घेतली.

एक्सेलच्या जुन्या फाइलीत याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. तिथे वजनाचे आकडे पडद्यावर मराठी दिसत होते, पण आत ते इंग्रजी आकडेच होते. त्यामुळे बेरीज बरोबर येत होती. पूर्ण शीट रूपांतर प्रणालीतून काढली असती तर ते खरोखरचे देवनागरी आकडे झाले असते, आणि सूत्र त्यांना संख्या म्हणून मोजेलच याची खात्री नसते. म्हणून आकड्यांचे रकाने रूपांतरातून वगळले, त्यांचा फक्त फाँट बदलला, आणि यापुढे तक्त्यात आकडे इंग्रजीतच भरायचे असे ठरले. पत्रांत व ठरावांत देवनागरी आकडे कायम राहिले.

युनिकोड झाले म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. विंडोजवर मंगल फाँटमध्ये बसवलेले दोन पानी पत्र टॅबलेटवर उघडले की तिथे मंगल नसल्याने दुसरा देवनागरी फाँट येतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि सहीची जागा तिसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसते. त्यामुळे मसुदा कुठेही तयार झाला तरी बाहेर जाणारी प्रत पीडीएफच असावी, असा नियम केला. मसुद्यासाठी गुगल डॉक्समध्ये ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो’ (Noto) यांपैकी एक फाँट ठरवून घेतला, म्हणजे डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये आणि टॅबलेटवर पान सारखेच दिसते. टायपिंगसाठी जीबोर्ड या गुगलच्या ॲपमधला मराठी कळफलक पुरेसा ठरला. बोलून टाइप करण्याची सोय व्यवस्थापकांना आवडली, पण ती गावांची आणि माणसांची नावे आपल्या मनाने लिहिते, त्यामुळे तिचा उपयोग मसुद्यापुरताच ठेवला.

बागेतली नोंद

पाल-खिरोद्याच्या बाजूला डोंगराकडे सरकले की नेटचा भरवसा राहत नाही. टॅबलेट सिमचा नव्हता. फिल्डमनच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो चालायचा, आणि मोबाइललाच रेंज नसेल तर प्रश्नच मिटला. गुगल शीट्समध्ये फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ अशी खूण करून ठेवली तर नेटशिवाय ती उघडते, तिच्यात लिहिता येते आणि नेट आल्यावर बदल आपोआप वर चढतात. मात्र ही खूण आधी, नेट असताना करावी लागते. सकाळी कार्यालयातून निघण्यापूर्वी फाइल एकदा उघडून पाहायची आणि मगच गाडीला किक मारायची, अशी सवय फिल्डमनला लावून घ्यावी लागली.

ऑफलाइन कामातला खरा धोका दोघांनी एकाच जागी लिहिण्याचा आहे. फिल्डमनने बागेत नेटशिवाय वजन दुरुस्त केले आणि त्याच वेळी चालकाने कार्यालयात त्याच सेलमध्ये दुसरा आकडा घातला, तर शेवटी त्यातला एकच टिकतो. आवृत्तीच्या इतिहासातून दुसरा शोधून काढता येतो, पण त्यासाठी आकडा गेला आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. म्हणून शीटच दोन केल्या. कापणीच्या शीटमध्ये फक्त फिल्डमन लिहितो आणि तीही नवीन ओळ. भावाच्या आणि बिलाच्या शीटमध्ये फक्त चालक लिहितो आणि वजन सूत्राने पहिल्या शीटमधून घेतो. ओडीके किंवा कोबोसारख्या नोंदणी ॲप्सचाही विचार झाला. ती नेटशिवाय फॉर्म साठवून नंतर पाठवतात आणि सर्वेक्षणाला उत्तम आहेत. पण फिल्डमनला मागच्या कापणीचे आकडे समोर पाहिजे होते, कारण सभासद विचारतो ते नेमके तेच.

पडद्यावरचा कळफलक उघडला की अकरा इंचांतले निम्मे क्षेत्र तो खातो आणि उरलेल्या जागेत चौदा रकान्यांचा तक्ता सरकवत बसावे लागते. त्यावर उपाय ॲपमध्ये शोधण्यापेक्षा तक्त्यात शोधला. सभासदाचे नाव टाइप करण्याऐवजी सभासद क्रमांक यादीतून निवडायचा. नवती, पिलबाग आणि वापसी हे पर्यायही यादीतूनच यायचे. पहिले दोन रकाने जागच्या जागी गोठवायचे. आणि बागेत न लागणारे रकाने दुसऱ्या शीटवर न्यायचे. टाइप करायला उरले ते फक्त घडांची संख्या आणि वजन. एक हात काट्याच्या पावतीवर आणि एक टॅबलेटवर, अशा अवस्थेत ट्रकजवळ उभ्या असलेल्या माणसाला याहून जास्त काम देऊ नये.

काट्याच्या पावतीचा आणि उताऱ्याचा स्कॅन घेण्यासाठी चालकाच्या मोबाइलमध्ये कुठून तरी मिळवलेले कॅमस्कॅनर होते. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ते आहे, तेव्हा सभासदांची कागदपत्रे त्यातून जाणे कोणत्याही दृष्टीने योग्य नव्हते. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅन करून पीडीएफ बनवण्याची सोय असल्याने वेगळे ॲप लागलेच नाही. फाइलच्या नावात आधी तारीख, मग सभासद क्रमांक, हा क्रम ठरवून दिला. शोधताना तोच उपयोगी पडतो.

खाते कोणाचे

चर्चेत कोणीही न काढलेला आणि माझ्या दृष्टीने ॲपच्या निवडीइतकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे खाते. टॅबलेटवर चालकाचे वैयक्तिक जीमेल उघडलेले होते आणि फाइली त्यात जमा होत होत्या. उद्या तो दुसरीकडे नोकरीला गेला तर कंपनीचा सगळा हिशोब त्याच्या खात्यात राहील, आणि त्यात त्याचा काही दोषही नसेल. कंपनीच्या नावाचे वेगळे खाते काढून त्याचा पासवर्ड व्यवस्थापक आणि एका संचालकाकडे ठेवला, फाइलींची मालकी त्या खात्याकडे आणली आणि चालक व फिल्डमन यांना फक्त संपादनाचा अधिकार दिला. मोफत खात्यात मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटली जाते. रोगट पानांचे फोटो आपोआप वर चढत राहिले तर ती हंगाम संपण्याआधी भरण्याची भीती होती, म्हणून टॅबलेटवरचा फोटो बॅकअप बंद करून आवश्यक फोटोच हाताने ड्राइव्हमध्ये टाकण्याची पद्धत ठेवली.

जे टॅबलेटवर आणायचे नाही, तेही लिहून ठेवले. टॅली डेस्कटॉपवरच राहील. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरायची वार्षिक विवरणपत्रे संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीने जातात. ती स्वाक्षरी यूएसबी टोकनवर असते आणि तिच्या प्रणाली विंडोजच्या संगणकासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे त्यासाठी टॅबलेटचा नाद सोडावा हेच बरे. सनदी लेखापालांना एक्सेलचीच फाइल लागते. ती शीट्समधून महिन्याच्या अखेरीस उतरवून दिली जाते आणि तीच प्रत डेस्कटॉपवर तारखेसह बॅकअप म्हणून राहते.

मायक्रोसॉफ्टची व्यावसायिक वर्गणी टॅबलेटसाठी घेतली नाही. बाहेरून आलेली वर्डची फाइल टॅबलेटवर वाचता येते तेवढे पुरते आणि दुरुस्ती असेल तर ती डेस्कटॉपवर होते. दररोज दुसऱ्याच्या वर्ड फाइलीत बदल सुचवून परत पाठवण्याचे काम असलेल्या वकिलाला किंवा प्रकाशकाला मी नेमका उलट सल्ला दिला असता.

कांदेबागेच्या कापणीत ही रचना चालवून पाहिली. संध्याकाळी पावत्या पुन्हा चढवण्याचे काम थांबले आणि सभासदाला काट्याजवळच मागच्या कापणीचा आकडा दाखवता येऊ लागला. अप्पांनी स्वतःच्या बागेचे वजन पडद्यावर दोनदा तपासून घेतले, पावती मात्र कागदाचीच मागितली, आणि ती त्यांना मिळाली. बिलाचे बटण अजून डेस्कटॉपवरच आहे. चालक कापणीची शीट तिथे उतरवतो आणि बटण दाबतो. तेवढे काम ॲप्स स्क्रिप्ट या गुगलच्या मॅक्रो-भाषेत नव्याने लिहून घ्यावे की जुनीच पद्धत चालू ठेवावी, हा विषय संचालक मंडळाने मृगबागेचा हिशोब पूर्ण झाल्यावर घ्यायचे ठरवले आहे.